रुखवतातलं विमान

वैशाख लागला की आमच्याकडे उन्हाचा आणि वाजंत्र्यांचा ताप एकदमच सुरू होतो. सकाळपासून वाशीमच्या रस्त्यानं दमण्या निघतात. बैलांच्या शिंगांना बेगड, आत नव्या लुगड्यांत कोंबलेल्या बायका, त्यांच्या मांडीवर रडून रडून झोपलेली पोरं. कुठल्या तरी गल्लीत सनई सूर धरते आणि धरता धरता तिचा घसा बसतो. मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्या दुपारपर्यंतच माना टाकतात, रांजणाभोवती चिखल होतो, आणि सगळ्या गावाला हळदीचा, घामाचा आणि तळणाचा वास सुटतो. लोक म्हणतात, लग्नसराई आली की मन कसं प्रसन्न होतं. होत असेल त्यांचं. माझं मन या दिवसांत नुकत्याच पाजवलेल्या विळ्यासारखं होतं, आणि मला ते आवडतं.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. राग वाईट, क्षमा थोर, असा धडा आमच्या पुस्तकात आहे आणि तो मी दरवर्षी नीट शिकवते. मुली पाठ म्हणतात, मी मान डोलावते. पण घरी येऊन पाय धुतले की मी माझी असते. माझ्या रागाला मी कधी वाईट म्हटलं नाही. माणसं आली आणि गेली, केस पिकायला लागले, पण हा राग घरचाच म्हणून राहिला. मी त्याला वेळच्या वेळी खाऊपिऊ घातलं.

त्याच्या मुळाशी एक खोका आहे. माझा मोठा भाऊ, दादा, अकोल्याला कापसाच्या एका जिनात फिटर होता. तिथला गोरा इंजिनिअर कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या मुलाचा एक न उघडलेला खोका दादाच्या हाती आला. त्याच वर्षी माझी सोयरीक रिसोडच्या एका घरी ठरली होती. वैशाखात लग्न. दादा खोका डोक्यावर घेऊन आमच्या गावी, किन्हीराजाला, घरी आला, ओसरीवर ठेवला, आणि घाम पुसायच्या आधी म्हणाला, "मंजुळे, हे तुह्या रुखवतात ठेवू. करंज्या-लाडू तं सारेच ठेवतात. इमान कोनाच्या बापानं ठेवलं नसंन."

झाकणावर निळ्या आभाळात तिरपं झालेलं विमान होतं. मी तोवर खरं विमान पाहिलंच नव्हतं. आत पातळ पातळ फळ्या होत्या, त्यांवर छापलेले आकार. काडीसारख्या पट्ट्यांची जुडी. घडी घातलेला झिरझिरीत कागद. एक लाकडी पंखा, त्याला फिरवायला रबराचा दोरा. आणि तळाशी एक मोठं चित्र. जेवढं विमान तेवढंच ते चित्र. त्याच्यावर काड्या ठेवायच्या, टोचून धरायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, सुकल्या की उचलायच्या. खाली इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं, ते दादालाही वाचता येत नव्हतं आणि मलाही. चित्रावरून कळत होतं तेवढं पुरे होतं. ती लाकडं हातात घेतली तर हात रिकामाच वाटायचा. त्यांना एक कोरडा, गोडसर वास होता. तसा वास पुढे मला कुठल्याच लाकडाला आला नाही, आणि मी हुंगून पाहिलेली लाकडं काही कमी नाहीत.

टोचायला टाचण्या नव्हत्या. त्या वेळी खेड्यात टाचण्या कुठून येणार? घरात दोन सुया, त्याही काकूच्या ताब्यात. मग मी बांधावरच्या बाभळीचे काटे आणले. पांढरे, लांब, सरळ काटे. एका वेळी पाचसहा ओठांत धरायचे आणि एकेक काढून टोचायचा. खोक्यातली गोंदाची नळी वाळून गेली होती म्हणून बाभळीचाच डिंक भिजवला. रोज दुपारी आई शेतात गेली की मी ओसरीवर ते चित्र अंथरायची. एक पंख पुरा झाला. मधला सांगाडा झाला, अगदी माशाच्या काट्यासारखा. तो उचलून उजेडात धरला की पलीकडचं तुळशीवृंदावन त्याच्या फासळ्यांतून दिसायचं. मी इतकी खूश कधी नव्हते. लग्न कोणाशी ठरलं आहे हेसुद्धा मी कधी कधी विसरायची.

ज्या घरी ठरलं होतं तिथली सासू म्हणजे भागीरथाबाई. एका दुपारी ती न सांगता आली. चोळीचं माप न्यायचं निमित्त, आणि सून घरात कशी वागते ते चोरून पाहायचं काम. सोबत शेजारची एक बाई. मी नुकतीच न्हाले होते, केस मोकळे. दोन्ही हातांना डिंक, ओठांत काटे, पुढ्यात तो सांगाडा आणि त्याच्या अंगभर टोचलेले काटे. दारात सावली पडली म्हणून मी वर पाहिलं. पदर सावरायला हात नव्हते आणि या म्हणायला तोंड नव्हतं. मी नुसती डोळे मोठे करून बघत राहिले.

"अगं मायबाई! हे काय करून राह्यली वं तू?" भागीरथाबाईचा आवाज चिरकला.

मी मान हलवली. काय सांगावं म्हणून हलवली ते मलाही आता आठवत नाही.

"बोलत काहून नाई? कोनाले काटे टोचून राह्यली?"

मी काटे हातावर थुंकून उभी राहीपर्यंत त्या दोघी उंबरा ओलांडून गेल्या होत्या. मी मागे धावले. डिंकाचे हात, मोकळे केस, मुठीत काटे, अशी मी भर उन्हात त्यांच्या दमणीमागे धावले. आज त्या जागी दुसरी कोणी असती तर मलाही ती जरा विचित्रच दिसली असती, एवढं मी भागीरथाबाईला देते. त्याच्यापुढे काही देत नाही.

कारण आपण पाहिलं ते नेमकं काय होतं, हे तिनं घरी गेल्यावर तरी विचारायला हवं होतं. माणूस पाठवायचा होता, दादाला बोलवायचं होतं. तिनं तसं काही केलं नाही. पोरगी करणी करते, असं तिनं सांगितलं. कागदावर रेघा ओढून, लाकडाचा पुतळा करून, त्याला काटे टोचताना मी डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. आणि माझं नशीब असं की त्याच महिन्यात तिचा म्हातारा सासरा वारला. त्याचं वय झालं होतं, खोकला जुना होता, पण करणीला असा पुरावा मिळाल्यावर कोण खोकल्याला विचारतो? सोयरीक मोडली. निरोप घेऊन आलेल्या मध्यस्थानं आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दादानं खूप सांगून पाहिलं. रिसोडला जाऊन खोक्याचं झाकण दाखवलं, त्यावरचं चित्र दाखवलं. भागीरथाबाईनं दार लावून घेतलं. मग गावातल्या बायका हळदीकुंकवाला मला बोलवायचं विसरू लागल्या. मी पाणी भरायला गेले की विहिरीवरची लेकुरवाळी बाळाच्या तोंडावर पदर ओढायची. बांगड्या भरणाऱ्या कासारणीनं एकदा माझा हात धरला आणि गरम तव्याला लागल्यासारखा सोडला. कोणी तोंडावर काही बोललं नाही. बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्यासाठी पुन्हा कोणी विचारायला आलं नाही, आणि आई त्याच काळजीनं खंगत गेली. मरायच्या आधी ती मला म्हणाली, "तुयं नाव खराब झालं वं पोरी, आन काई कारन नसतानी." माझा राग खरा त्या दिवशी जन्मला. सोयरीक मोडली म्हणून मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. नवरदेव मी पुढे बाजारात पाहिला, आणि देवाचे आभार मानले. पण माझं नाव त्या बाईनं नेलं होतं आणि ते मला परत हवं होतं.

मी शिकले, परीक्षा दिल्या, वाशीमच्या शाळेत लागले. लढाईच्या दिवसांत आमच्या शाळेवरून विमानं जायला लागली. आधी दूर घरघर, मग खिडक्यांच्या गजांना बारीक कंप. मुली पाट्या टाकून अंगणात पळायच्या. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, थे वर कसं राह्यते?" मी खडूनं फळ्यावर पंख काढला, त्याच्या आतल्या फासळ्या काढल्या, वरून वारा कसा जातो आणि खालून कसा, ते मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मुली टाळ्या वाजवत होत्या. हेडबाई दारात उभी राहून कौतुकानं पाहत होती. मी घरी येऊन दार लावलं आणि रडले. तेच चित्र, तोच हात. मधल्या काळात जगानं विमानाला मान दिला होता, मला कोणी काही परत दिलं नव्हतं.

अशातच एका चैत्रात दादा आला. बराच वेळ पाण्याचा तांब्या हातात फिरवत बसला. त्याची मुलगी शांता लग्नाची झाली होती हे मला माहीत होतं.

"शांतेचं जमलं," तो म्हणाला.

"कुठं?"

"रिसोडले."

"रिसोडात घरं लय हायेत, दादा."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "भागीरथाबाईचा धाकटा. गणपत."

मी उठून भाकरी थापायला बसले. हाताला काही तरी मारायला हवं होतं. "तुले दुसरं घर भेटलं नाई?"

"पोरगा लय चांगला हाये, मंजुळे. त्यानं शांतेले एका लग्नात पाह्यलं आन हटून बसला. शांतेलेबी पसंत हाये. म्हातारीचं आता घरात काई चालत नाई. जुनं कायले उकरतं?"

"मी काई उकरलं नाई. माह्यासाठी थे कधी पुरलंच नवतं."

दादानं तांब्या पुन्हा उचलला. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर मुलीचं ओझं होतं आणि माझंही. मी दोन भाकरी थापल्या, तिसरी मोडली, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. मी म्हटलं, "रुखवत मी मांडीन. बाकी मले काई इचारू नोको." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं, पण त्यानं विचारलं नाही.

खोका किन्हीराजाच्या घरी माळ्यावर होता. शाळेला सुट्टी लागली तशी मी गेले आणि तो खाली काढला. झाकणावरचं आभाळ पिवळं पडलं होतं. रबराचा दोरा वितळून खोक्याच्या कोपऱ्यात काळा चिकट गोळा झाला होता. झिरझिरीत कागदाला कसर लागून त्याची जाळी झाली होती. एका जागी डिंक गोड लागला म्हणून मुंग्यांनी सांधा कुरतडलेला. पण सांगाडा होता. तो झालेला एक पंख होता. मी तो पुन्हा उजेडात धरला आणि त्या जुन्या मंजुळेचं काम तपासलं, वही तपासते तसं. बाकी सांधे घट्ट होते. फासळ्या सरळ होत्या. एका ठिकाणी डिंकावर बोटाचा ठसा उमटला होता, त्यावर मी माझं बोट ठेवलं तर ते त्याच्यापेक्षा जाड झालं होतं. पोरीनं चांगलं काम केलं होतं. तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. काकूनं आतून विचारलं, "कोनासंगं बोलून राह्यली?"

दुसरा पंख करायला घेतला तर खोक्यातल्या काही फळ्या वाकड्या झालेल्या, काही चुरा झालेल्या. ज्वारीच्या धांड्याच्या आतला पांढरा गाभा काढून त्याच्या फासळ्या केल्या. लहानपणी आम्ही त्याचेच बैल आणि गाड्या करायचो, हात विसरले नव्हते. रबराच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घातली. आणि टोचायला पुन्हा बाभळीचे काटेच घेतले. आता टाचण्यांची पुडी माझ्या शाळेच्या कपाटात होती, पण मी काटेच घेतले, आणि ते ओठांतच धरले. दार उघडं ठेवलं. कोणी यावं आणि पाहावं असं मला वाटत होतं.

कागद मी वाशीमहून आणला होता, करीमभाईकडून. करीमभाई संक्रांतीला पतंग करायचा आणि मोहरमला ताबूत. त्याच्या दुकानात कळकाच्या कामट्या आणि खळीचा वास असायचा.

"बाई, वैशाखात पतंगी कागद कायले पाह्यजे?" त्यानं विचारलं.

"इमान करून राह्यली, करीमभाई."

"उडंन?"

"नाई उडलं तरी चालते. एका बाईले दिसलं पाह्यजे."

तो हसला. "तं मंग लाल न्या. लाल लय दुरून दिसते."

लाल कागद मी दोन्ही पंखांवर चढवला. कितीही ताणला तरी मध्ये झोळ राहायचा. विमान म्हातारीच्या गालासारखं दिसत होतं आणि मी चिडचिड करत होते. काकूला कुठून तरी कळलं की कागद ताबूतवाल्याकडचा आहे. काकूचं सोवळं फार. लग्नघरात असा कागद आणला म्हणून ती मला काही बोलली नाही, पण मी जेवायला आत गेले तेवढ्यात तिनं फुलपात्र घेतलं आणि विमानावर गंगाजळाच्या नावानं चांगलं पाणी शिंपडलं. मी बाहेर येऊन पाहते तर लाल कागद ओला होऊन फासळ्यांना चिकटलेला. मी काकूला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग हताश होऊन विमान उन्हात ठेवून दिलं, म्हटलं, गेलं. वैशाखाचं ऊन. थोड्या वेळानं काकूच हाक मारत आली. कागद सुकता सुकता आपोआप ताणला गेला होता. बोटानं टिचकी मारली तर डफासारखा वाजला. काकू म्हणाली, "पाह्य, शुद्ध केलं तवा बसलं." त्यानंतर ते विमान तिच्या हातचं झालं, आणि येईल जाईल त्याला ती ते सांगू लागली. मी तिला सांगू दिलं.

आमच्याकडे रुखवताला बोलायची मुभा असते. वधूकडच्यांनी वरमाईला टोमणे मारायचे, तिनं उलट मारायचे, आणि कोणी कोणाचा राग धरायचा नाही. वर्षभराचं साचलेलं बायका त्या दिवशी हसत हसत ओकून टाकतात. माझं एका वर्षाचं थोडंच होतं? मी ओळी जुळवल्या होत्या. विमानाला खळ लावता लावता त्या गुणगुणत होते.

*रुखवतात ठेवलं इमान, पंख त्याले दोन,
सांगा विहीणबाई, तवा मोडता घातला कोन?*

हळदीच्या दिवशी शांतेनं त्या ऐकल्या. अंगभर पिवळी, कपाळाला मुंडावळ्या, अशी ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळी हकिकत माहीत होती; आमच्या घरातल्या कुठल्या पोरीला नसणार?

"आत्या, हे उद्या म्हननार हायेस तू?"

"म्हननार हाये."

ती हाताची हळद खरवडत राहिली. "तू म्हनशीन आन वाशीमले जाशीन. मले तिथंच नांदा लागते. रोज तिच्याच हाताखाली."

मला तिचा राग आला. मग माझा आला. ती बरोबर बोलत होती. मी दगड मारणार होते आणि तो लागणार होता शांतेला. मी तिला वचन दिलं नाही. पण त्या रात्री माझ्या ओळी मला आधीइतक्या चांगल्या वाटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. करंज्यांचे डोंगर, साखरेचं तुळशीवृंदावन, कापसाचे पांढरे पक्षी, मण्यांचं तोरण. आणि त्या सगळ्याच्या वर, मांडवाच्या बांबूला दोऱ्यानं बांधलेलं लाल विमान. उन्हाची झळ आली की ते हळूच वळायचं आणि त्याचा पंखा फिरायचा. पोरं त्याच्याखालून हलेनात. रिसोडची वऱ्हाडी मंडळी जेवायचं सोडून पाहायला आली. भागीरथाबाई आली. ती जाड झाली होती, चालताना हुश्श करत होती, पण नाकातली नथ आणि आवाज तोच होता. मला तिनं ओळखलं. नजर चुकवून तिनं वर पाहिलं.

तिनं कधी कागद चढवलेलं विमान पाहिलं नव्हतं. काटे टोचलेला सांगाडा पाहिला होता. तिला काही आठवलं नाही.

"इमान!" ती म्हणाली. "घरीच केलं का वं? आपल्या शांतेनं?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत ती आपल्याकडच्या बायकांकडे वळली. "पाह्यलं का? माह्या सुनेनं केलं. कसा हात हाये पोरीचा! आमच्या घरात येनारी पोरगी अशीच पाह्यजे." तिनं हात उंच केला आणि बोटानं पंखा फिरवला. रिसोडच्या बायका वा वा करू लागल्या.

 ज्या हातांसाठी तिनं मला मसणातली ठरवलं, त्याच हातांचं कौतुक ती दुसरीच्या नावावर करत होती, तेही तोंड भरून. ओळी माझ्या जिभेवर आल्या. मी शांतेकडे पाहिलं. ती खाली मान घालून पाटावर बसली होती. मी दात आवळले. त्या बाईसमोर मी पुन्हा एकदा तोंड मिटून उभी होते, आणि या वेळी तोंडात काटेही नव्हते.

"नाव घे वं शांते," कोणी तरी म्हणालं. "रुखवताजवळ नाव घ्या लागते."

शांतेनं मान वर केली. ती मुळात हळू बोलणारी. पण त्या दिवशी तिचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला.

*आत्यानं केलं इमान, जिले केलं तुमी नापसंत,
गणपतरावाचं नाव घेते, पाहा तिचं रुखवंत.*

 भागीरथाबाईचं बोट अजून पंख्यावर होतं. तिनं ते काढून घेतलं आणि पदराला पुसलं. तिनं विमान पाहिलं, शांतेला पाहिलं, मग मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ती दुपार चढत गेली, आणि मी ती चढताना बघितली.

"हे... थेच हाये?"

"थेच हाये," मी म्हटलं. "तवा नुसता कागद लावाचा राह्यला होता."

रिसोडचीच एक म्हातारी आधी हसली. तिला ती करणीची गोष्ट पाठ असणार, कित्येक वर्षं तिनं ती ऐकली असणार. "अगं भागीरथे, म्हंजे हेच का वं तुयं भूत?" मग हसू बाईबाईतून पसरत गेलं, मागच्या ज्यांना काही कळलं नव्हतं त्याही हसल्या. रुखवताचा राग धरायचा नसतो. भागीरथाबाईलाही हसावं लागलं. ती दात दाखवून हसत होती आणि एकेक पाऊल मागे सरत विमानाखालून बाहेर येत होती.  शांतेचं तिथं कसं होईल ही भीती मला नंतर वाटली, बरीच नंतर. आधी नुसता आनंद होता, आणि त्यात माझी आई होती.

निघताना भागीरथाबाई दादाला म्हणाली, "हे इकडंच राहू द्या. रस्त्यानं मोडन." काकू पुढे झाली. "रुखवंत मागं ठेवत नसतात, विहीणबाई. सून नेता तशी तिची चीज न्या." विमान शांतेच्या मांडीवर बसून रिसोडला गेलं. आता ते त्यांच्या बैठकीत टांगलेलं आहे. गणपतराव पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो, त्याला या सगळ्याची गंमत वाटते. शांता सांगते, सासू त्याच्याखालून कधी जात नाही, अंगणातून वळसा घालते. "मले जराशीक भेते," शांता म्हणते, "बरं हाये, कामात हात घालत नाई." सुरुवातीचे काही महिने पोरीनं अबोला सोसला, तेही तिनं सांगितलं. त्याचं मला वाईट वाटलं. पण तिनं ते नाव घेतलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी तिला म्हटलं नाही, कारण मला तसं वाटत नाही.

दर वैशाखात मी एकदा रिसोडला जाते. सांगून जाते. यंदाही गेले. बैठकीत नेमकी त्या विमानाखाली बसले. शांता लेकराला निजवत होती, म्हणून चहा भागीरथाबाईनं स्वतः करून आणला. ती आता थकली आहे. कप ठेवून ती समोर बसली आणि म्हणाली, "झालं गेलं इसरून जाय, मंजुळा. म्या चुकली तवा."

मी घोट घेतला. साखर रेशनची, महिन्याला मोजून मिळणारी, ती किती जपून वापरतात ते मला ठाऊक आहे.

"साखर कमी हाये," मी म्हटलं.

 ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, डबा घेऊन आली आणि एक चमचा घातला. मी ढवळलं, चव घेतली, आणि कप पुन्हा पुढे केला.